पारदर्शक ग्लिसरीन साबण : दागिना मोडण्याआधी हिशेब पाहा

अल्प भांडवलात घरच्या घरी करता येईल असा एखादा उद्योग सुचवा, अशी विचारणा करणारी पत्रे आमच्याकडे नेहमीच येतात. या वेळी देवगाव रंगारी (ता. कन्नड) येथील एका वाचकाने मात्र नेमका प्रश्न विचारला आहे. त्यांचे अत्तर व बांगड्यांचे छोटे दुकान आहे. शहरात एक दिवसाच्या वर्गाला जाऊन ते पारदर्शक ग्लिसरीन साबण करायला शिकून आले. 'वडीला खर्च सोळा रुपये, विक्री पन्नास रुपये' असे तिथे सांगण्यात आले. आता पत्नीचा एक दागिना मोडून तीस हजार रुपयांचा कच्चा माल व साचे एकदम आणावेत, असा त्यांचा विचार आहे. आणावेत का?

आमचे उत्तर आधीच देतो. दागिना मोडू नये. साबण मात्र जरूर करून पाहावा, तीन हजार रुपयांत. असे का, ते पुढे सविस्तर सांगत आहोत, कारण हाच प्रश्न इतर अनेकांच्या मनात असणार.

देवगावच्या नावातच रंगारी आहे, आणि रंगाऱ्याच्या कामाचा साबणाशी जुना संबंध आहे. रेशमाला रंग देण्यापूर्वी ते साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरचा डिंक काढावा लागतो. तसे केल्याशिवाय रंग सारखा बसत नाही. आपल्या जिल्ह्यातील पैठणी आणि हिमरूच्या रेशमालाही हा संस्कार लागतोच. पाणी जड असेल तर साबण फुटतो आणि रंग डागाळतो, ही गोष्ट रंगाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. ग्लिसरीन साबण करणाऱ्याला ती शिकावी लागते. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण तयार होतो आणि त्याच्या जोडीने ग्लिसरीनही सुटते. तेलाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ग्लिसरीन मिळते. मोठे कारखाने मिठाच्या पाण्याने ते वेगळे काढतात व औषधे, रंग, सौंदर्यप्रसाधने करणाऱ्यांना विकतात, कारण त्याला स्वतंत्र भाव येतो. ग्लिसरीन साबणात ते काढून घेत नाहीत, उलट वरून आणखी घालतात. त्वचा ओढल्यासारखी होत नाही ती यामुळेच.

साबण आरपार दिसतो त्याचे कारण मात्र वेगळे आहे. साधा साबण थंड होताना त्याचे बारीक स्फटिक बनतात, प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो आणि वडी पांढरी, गढूळ दिसते. स्पिरिट, साखरेचा पाक आणि ग्लिसरीन ही तिन्ही घातली की स्फटिक मोठे होऊ शकत नाहीत व प्रकाश आरपार जातो. एरंडेल तेलही या कामी मदत करते. लंडनमधील अँड्र्यू पिअर्स या न्हाव्याने १८०७ साली हा साबण बाजारात आणला. त्या काळी चेहऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या तीव्र साबणांनी गिऱ्हाइकांच्या कातडीची आग होते, हे तो रोज पाहत होता. त्याच्या पद्धतीत साबण स्पिरिटमध्ये विरघळवून ओतत आणि मग उबदार खोलीत कित्येक आठवडे वाळवत ठेवत. एका वडीमागे एवढा वेळ जाई म्हणूनच ती महाग होती.

आज घरगुती उद्योग म्हणून जे शिकवले जाते ते हे नव्हे. बाजारात तयार 'साबण बेस'च्या विटा मिळतात. त्या वितळवायच्या, त्यात रंग व सुगंध घालायचा आणि साच्यात ओतायचे. साबण कारखान्यातच झालेला असतो; आपण त्याला आकार आणि वास देतो. हे काम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही. दर्जी कापड विणत नाही, तरी त्याच्या कामाला किंमत आहेच. पण आपण दर्जी आहोत की विणकर, हे स्वतःला ठाऊक असावे.

कृती सोपी आहे. बेसचे अर्ध्या इंचाचे तुकडे करावेत. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात स्टीलचे लहान पातेले ठेवावे व त्यात तुकडे घालावेत. थेट आचेवर ठेवू नये. साठ ते सत्तर अंश सेल्सिअसला बेस पातळ होतो. उकळी येऊ देऊ नये, कारण उकळल्यावर त्यातले पाणी उडते, वडी पिवळसर पडते व चिवट होते. चमचा सावकाश फिरवावा. जोरात घुसळले की बुडबुडे होतात आणि ते वडीत अडकून राहतात. पातेले खाली उतरवून दोन मिनिटांनी सुगंध घालावा. एका किलोला दहा ते वीस ग्रॅम पुरतो. साच्यात ओतल्यावर वर फेस आला तर सर्जिकल स्पिरिटचा हलका फवारा मारावा, तो लगेच बसतो. मात्र त्या वेळी जवळ शेगडी पेटलेली नसावी. चार-पाच तासांत वडी सुटते. घाई करून फ्रीजरमध्ये ठेवणारे पुष्कळ आहेत. तसे केल्यास वडी बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरते.

रंगाबाबत दोन शब्द. आरपार वडीला रंग चिमूटभरच लागतो. जास्त झाला की फेसही रंगीत येतो आणि गिऱ्हाइकाचा टॉवेल खराब होतो. कपड्याचा रंग, होळीचा रंग किंवा मिठाईवाल्याकडचा बिनलेबलाचा रंग अजिबात वापरू नये. सौंदर्यप्रसाधनात चालणाऱ्या रंगांची यादी भारतीय मानक ४७०७ मध्ये दिलेली आहे. विक्रेत्याकडून त्या यादीतलाच रंग बिलासह घ्यावा. सुगंधातही निवड करावी लागते. व्हॅनिलाचा अंश असलेल्या सुगंधाने वडी काही दिवसांत तपकिरी होते. जड, तेलकट अत्तराने ती धुरकट दिसते. गुलाब, खस, मोगरा हे आपल्याकडे खपणारे वास आहेत, पण ते साबणासाठी बनवलेलेच घ्यावेत. दुकानातील कुपीतले अत्तर साबणात ओतणे म्हणजे महाग वस्तू स्वस्त वस्तूत बुडवणे होय.

आता आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः हा प्रयोग केला, तोही जुलै महिन्यात. शहरातील एका व्यापाऱ्याकडून बेस आणला. वीट कोऱ्या प्लास्टिकमध्ये होती, तिच्यावर ना घटकांची नावे, ना कारखान्याचा पत्ता. आम्हीही विचारले नाही, कारण भाव किलोमागे वीस रुपयांनी कमी होता. साठ वड्या झाल्या, अगदी काचेसारख्या. त्या ताटात मांडून ठेवल्या व सकाळी पाहतो तो प्रत्येक वडीवर दवासारखे थेंब! ग्लिसरीन हवेतील ओल ओढून घेते. पावसाळ्यात उघडी वडी 'घामेजते'च. हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुसून, कागदात गुंडाळून त्या दुकानांत दिल्या. आठवड्याभरात कागद चिकटले, छपाई वडीवर उमटली आणि निम्म्या वड्या परत आल्या. एका भगिनीने तर सरळ विचारले, "भाईजान, यात चरबी कशाची आहे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. घामाचा उपाय पुढे सापडला, पण त्या प्रश्नाची शरम अजून वाटते.

घामाचा उपाय असा : वडी साच्यातून काढताच, हात न लावता, पातळ प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळावी आणि मगच डबीत घालावी. जून ते सप्टेंबर लहान घाणे करावेत. आपल्याकडचा कोरडा हिवाळा या कामाला उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा माल पत्र्याखाली ठेवू नये, नाहीतर कडा बसतात आणि वास उडतो.

चरबीच्या प्रश्नाला उत्तर खरेदीच्या वेळीच मिळवावे लागते. साबण वनस्पती तेलाचाही होतो आणि जनावराच्या चरबीचाही. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबीविना, निव्वळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तो याच शंकेला उत्तर म्हणून. हलब आणि नाब्लुसचे साबणवाले तर पिढ्यान्‌पिढ्या वनस्पती तेलाचाच, मुख्यतः जैतूनच्या तेलाचा, साबण करत आले. २०२४ साली युनेस्कोने त्या दोन्ही परंपरांची नोंद आपल्या वारसा यादीत केली. ग्लिसरीन साबणात मात्र लपलेल्या जागा दोन आहेत. वडीला कडकपणा देणारे स्टिअरिक ॲसिड पामतेलापासूनही मिळते आणि चरबीपासूनही. ग्लिसरीनचेही तसेच. दोन्ही दिसायला सारखीच असतात, जिभेला किंवा नाकाला फरक कळत नाही. म्हणून बेस घेताना कारखान्याचे घटकपत्रक मागावे व 'सर्व घटक वनस्पतीजन्य' असे बिलावर किंवा पत्रावर लिहून घ्यावे. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, मग भाव कितीही कमी असो. स्पिरिटबद्दलही काहींच्या मनात प्रश्न येईल. स्पिरिटऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल व सॉर्बिटॉल वापरून केलेला बेसही मिळतो. ज्यांना शंका नको असेल त्यांनी तो घ्यावा. बाकी मसला आपापल्या आलिमांना विचारावा, तो या पानाचा विषय नाही.

तेलापासून साबण स्वतः करावा का, असेही आमच्या वाचकाने विचारले आहे. त्यांचा धाकटा भाऊ बारावीला रसायनशास्त्र घेऊन पास झाला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा असतो. एक किलो खोबरेलास सुमारे १८३ ग्रॅम, पामतेलास सुमारे १४१ ग्रॅम, एरंडेलास सुमारे १२८ ग्रॅम. ग्रॅम मोजणारा काटा नसेल तर या वाटेला जाऊच नये. कॉस्टिक पाण्यात घालावा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये, ते उसळते. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे चालत नाही. कॉस्टिक ते खातो व त्यातून पेट घेणारा वायू निघतो. पाणी बोअरचे नको. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, त्यातील चुना साबणाशी संयोग पावून वडी गढूळ करतो. डिस्टिल्ड पाणी वापरावे. साबण बनल्यावर त्यात स्पिरिट, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक घालून तो झाकून, मंद उष्णतेवर पारदर्शक होईपर्यंत ठेवतात. तयार वडीवर फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून गुलाबी रंग आला तर आत कॉस्टिक शिल्लक आहे, ती वडी विकू नये.

हे सर्व लिहूनही आमचे मत असे की स्पिरिटचा टप्पा राहत्या घरात करू नये. तापलेल्या स्पिरिटची वाफ शेगडीपर्यंत पोहोचायला क्षण पुरतो. घरात मुले असतात. डिनेचर्ड स्पिरिट बाळगण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवानाही लागतो. कॉस्टिक अंगावर उडाला तर ताबडतोब नळाखाली पंधरा मिनिटे धुवावे, आणि डोळ्यात गेला तर धूत धूतच दवाखाना गाठावा. चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नये.

आता त्या सोळा रुपयांकडे वळू. दर गावोगाव वेगळे असतील. समजण्यापुरते धरून चालू. बेस १६० रुपये किलो, दहा किलो आणला : १,६०० रुपये. त्याच्या शंभर वड्या, प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या. सोळाशेला शंभराने भागले की सोळा रुपये. वर्गात एवढाच हिशेब सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात! सुगंध १५० ग्रॅम, दोन हजार रुपये किलोने : ३०० रुपये. रंग : २०. फिल्म, डबी व लेबल, वडीमागे पाच रुपये : ५००. गॅस : ६०. हे झाले २,४८०. कापणे, वितळवणे, ओतणे, गुंडाळणे यात एका माणसाचा पूर्ण दिवस जातो. त्याची मजुरी ४०० धरा. घरची बाई करते म्हणून मजुरी धरायची नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. तिने तोच दिवस दुसऱ्याच्या शिवणकामाला दिला असता तर पैसे मिळालेच असते. एकूण २,८८०. शंभरातल्या चार वड्या बुडबुडे किंवा तुटक्या कडांमुळे बाजूला पडतात. राहिल्या ९६. एक वडी पडली तीस रुपयांना.

पन्नास रुपये छापील किंमत ठेवली आणि दुकानदाराने पंचवीस टक्के कमिशन घेतले, तर आपल्या हाती साडेसदतीस येतात. वडीमागे शिल्लक साडेसात रुपये. त्यातून प्रवास, नमुन्याच्या फुकट वड्या, परत आलेला माल आणि उधारी भागवायची. दुकानदार दोन महिने पैसे देत नाही तोवर आपले भांडवल त्याच्या फळीवर पडून असते. तीच वडी स्वतः विकली तर वीस रुपये सुटतात. म्हणून ज्याचे आधीच दुकान आहे त्याला हा धंदा परवडतो, आणि जो दुकाने शोधत फिरणार आहे त्याला सुरुवातीला परवडत नाही. आमच्या वाचकाचे अत्तराचे दुकान हेच त्यांचे खरे भांडवल आहे, दागिना नव्हे.

साबणाला परवाना लागत नाही असे जुने लोक अजून सांगतात. एके काळी ते खरे होते. १९८२ च्या दुरुस्तीपर्यंत साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायदेशीर व्याख्येत नव्हता. आता आहे. विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायचा तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. त्यासाठी वेगळी स्वच्छ जागा आणि पात्रता असलेली व्यक्ती दाखवावी लागते. औषधनिर्माणाची पदविका नसली तरी बारावीला रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेला पूर्णवेळ माणूस यात चालतो. धाकट्या भावाचा उपयोग इथे आहे. जागा नसेल तर परवाना असलेल्या कारखान्यात आपल्या नावाचा माल बनवून घेण्याचीही सोय नियमांत आहे. वेष्टनावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. वडी वाळून हलकी होते, म्हणून ओतताना दोन-तीन ग्रॅम जास्त ओतावे. 'खरूज जाते', 'डाग जातात' असे काही छापू नये. रोग बरा करण्याचा दावा केला की माल औषधांच्या कायद्यात जातो. 'ग्रेड १' असेही लिहू नये. त्यासाठी साबणात ७६ टक्के चरबीयुक्त द्रव्य लागते आणि आपल्या वडीत पाक, पाणी व ग्लिसरीनच पुष्कळ असते. याच कारणाने ती लवकर झिजते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे व जाळीची साबणदाणी वापरायला सांगावे.

सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणावरील जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत आणि विक्री राज्यातच असेल तर नोंदणीची सक्ती नाही. मात्र कच्च्या मालावर भरलेला कर मग परत मिळत नाही, तो खर्चात धरावा.

माल सहा महिने खपला आणि जागा घ्यायची वेळ आली, तर कर्जाचा विचार करावा, त्याआधी नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, अल्पसंख्याक अर्जदाराला ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान ठरवलेले आहे आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. अनुदान रोख हातात पडत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. मध्यस्थ 'पैसे काढून देतो' म्हणाला तर उठून यावे. चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचाराव्यात. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालयच आहे. एक दिवसाच्या खासगी वर्गाला फी भरण्याआधी तिथे एक चक्कर मारावी.

देवगावच्या वाचकाने सुरुवात अशी करावी असे आम्ही सुचवतो. धाकट्या भावाच्या नावाने परवान्याची चौकशी आत्ताच सुरू करावी. तोपर्यंत दोन-दोन किलोचे घाणे करून वड्या फक्त घरात व नातेवाइकांत वापरायला द्याव्यात, आणि महिन्याने जाऊन त्या कशा झिजल्या, घामेजल्या का, वास राहिला का, हे वहीत लिहावे. परवाना हाती आला की दुकानात अत्तराच्या शेजारी खस आणि गुलाब असे दोनच वास ठेवावेत. खुलताबादच्या उरुसाला अत्तराची दुकाने लागतात, वेरूळला प्रवासी वर्षभर येतात. तिथे पन्नास ग्रॅमची लहान वडी नेऊन पाहावी. प्रवासी जड वस्तू घेत नाही. उन्हात मांडताना मात्र वर कापड बांधावे, नाहीतर दुपारपर्यंत सगळ्या वड्या एकमेकींना चिकटतील.